ऑर्गनवरचा आरसा

रविवार, ३ सप्टेंबर

चर्चमधली उपासना संपली, लोक बाहेर पडले, मी ऑर्गनचं झाकण लावत होते आणि पाळकसाहेब आले. हात चोळत. हा माणूस व्यासपीठावर चढला की धडाधड बोलतो, पण खाली उतरला की एका वाक्याला चार वळसे घालतो.

"बाई, एक गोष्ट कानावर घालायची होती. म्हणजे लोकांचं म्हणणं आहे. माझं नाही."

"घाला."

"क्वायरमध्ये कुणाचा तरी सूर उतरतो म्हणतात. जाड आवाजात. वय झालं की होतं तसं, त्यात कुणाचा दोष नाही. पण आता गीतांचा रविवार आलाय, जुनी मंडळी येतील, तेव्हा तुम्हीच जरा समजून..."

"कोण ते सरळ सांगा ना."

"तुमच्या लक्षात येईलच," म्हणाले आणि पाय काढता घेतला. घाईत बाकाला धडकले ते वेगळंच.

लक्षात काय यायचंय? जाड आवाजाचं आणि वय झालेलं आमच्यात एकच माणूस आहे. बासच्या, म्हणजे पुरुषांच्या जाड आवाजाच्या रांगेत अगदी शेवटी, खांबाला टेकून उभे राहणारे सर. माझे पाय ऑर्गनच्या पायपट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते तेव्हा त्यांनी मला या बाकावर बसवलं. पायपट्ट्या ते स्वतः दाबायचे आणि वरचं मी वाजवायचे. बोटं चुकली की माझी नाही, त्यांची चूक असायची. हा क्वायर त्यांनी उभा केला, मग माझ्या हातात दिला आणि मुकाट्यानं मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांची बायको गेल्यापासून एका खोलीत एकटे राहतात. मुलगा दुसऱ्या शहरात असतो, इकडे या म्हणून मागे लागलाय. सरांचं उत्तर ठरलेलं, "रविवार सोडून कुठे येऊ?"

त्यांना मी काय सांगणार? 

मंगळवार, ५ सप्टेंबर

चष्म्याच्या दुकानात आज एक गृहस्थ आले. तक्ता वाचायला सांगितला तर तिसऱ्या ओळीतच अडकले, आणि वर मलाच सुनावतात, "डोळे ठणठणीत आहेत हो माझे. हल्ली वर्तमानपत्रंच फिकट छापतात." मी भिंग बदललं, पुन्हा वाचायला लावलं. गडी घडाघडा शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि मग चष्म्याच्या किमती विचारायला लागला. अशी माणसं रोज येतात. मला हसू आवरत नाही, पण दुकानात आवरावं लागतं.

मालक ओरडले, फोन वाजतोय, ऐकू येत नाही का म्हणून. हिवाळ्यातल्या त्या सर्दीपासून डाव्या कानाला दडा बसतो मधूनमधून. निघेल आपोआप.

गुरुवार, ७ सप्टेंबर

सराव. गीतांच्या रविवारी सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही उपासना गाण्याच्याच असतात, प्रवचन नावाला. मध्ये मागच्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण. पूर्वी इथे गायलेले आणि गाव सोडून गेलेले लोक त्या दिवशी परत येतात. त्यामुळे वर्षभर केलेल्या चुका चालतात, त्या दिवशीची चालत नाही.

आज मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. आणि खरंच की! वाजवत होते, नेहमीसारखी पुरुषांचा भाग मोठ्यानं गात होते, आणि दुसऱ्या कडव्यात कुणीतरी जाड आवाजात सूर खाली ओढत होतं. केसाएवढाच, पण सतत. (मी पुरुषांचा भाग गाते याचं नवीन माणसाला नवल वाटतं. माझा आवाज पहिल्यापासून असाच. शाळेत मला मुलांच्या रांगेत उभं करायचे. आणि मी बाकावरून रेटलं नाही तर आमचे पुरुष दुसऱ्या ओळीतच बसकण मारतात.)

क्वायरकडे माझी पाठ असते. समोर, गीतांच्या पुस्तकाच्या वर, हातभर आरसा लावलाय. त्यात सगळे दिसतात. सूर उतरला तेव्हा मी वर पाहिलं. सरांचे ओठ हलत होते. अगदी मन लावून, शब्दन् शब्द.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

गुरुवार, १४ सप्टेंबर

एक प्रयोग केला. घसा धरलाय म्हणाले आणि सबंध गीतभर नुसती वाजवत, ऐकत राहिले. एकदाही सूर उतरला नाही. असा लागला की अंगावर काटा आला. म्हणजे मी कान देऊन बसलेय हे सरांना कळलं असणार, आणि ते सांभाळून गायले. इतकं समजतं त्यांना, मग एरवी का नाही सांभाळत?

पुढच्या गीताला मी पुन्हा गायला लागले, आणि पुन्हा तेच. आरशात दोन आल्टो, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्यांनाही कळलंय तर.

सराव संपल्यावर सर थांबले. माझ्याजवळ आले, ऑर्गनच्या लाकडावरून हात फिरवत उभे राहिले.

"पोरी, या खेपेला तू नुसतं वाजव ना. गळ्याला जरा विश्रांती दे."

"गळा बरा आहे, सर. मघाशी उगीच म्हटलं."

"तरी पण. आज तू नव्हतीस गात तेव्हा हे आपले आपण बरे गायले की."

"तुम्हीच म्हणायचात ना, ऑर्गनवाल्यानं पुढे चालायचं आणि मागच्यांना ओढायचं?"

ते हसले. "म्हणायचो खरा." आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण टोपी घालून निघून गेले. बहुतेक स्वतःबद्दलच सांगायचं असेल, धीर झाला नसेल. मलाही नाही झाला.

रविवार, २४ सप्टेंबर

पाळकसाहेबांनी विचारलं, "मग, काही लक्षात आलं का?" मी म्हटलं, "आलंय. बघते मी." त्यांचा जीव एवढा भांड्यात पडला की माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं मन फार मोठं आहे, बाई." यात मन मोठं असण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही. वाईटपणा घ्यायचा तो सरांकडून.

बासमधला ढोल (चांगला धिप्पाड, मिठाईच्या कारखान्यात असतो, आवाजही तसाच, म्हणून ढोल) जिन्यात भेटला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाई, सरांना काही बोलू नका हं. सर काहीच करत नाहीत." सरांचा लाडका आहे तो. पाठीशी घालणारच.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "तू खात्री करून घेतलीस ना नीट?" मी म्हटलं, "माझ्या कानांवर विश्वास नाही का?" हे डोळ्यांतलं कांद्याचं पाणी पुसत बसले.

रविवार, १ ऑक्टोबर

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी चर्च गच्च भरलं होतं. बाहेरच्या पायऱ्यांवर मिठ्या मारणं चाललं होतं. कुणाचे केस गेलेले, कुणाचं पोट सुटलेलं. सर नव्या इस्त्रीच्या शर्टात, सगळ्यांच्या मधोमध. प्रत्येक जण वाकून भेटत होता. सकाळची गीतं झाली, आणि सूर उतरला. तिसऱ्या गीतात तर पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं डोळे मिटून घेतले. मला आरशात दिसलं. मी आणखी मोठ्यानं गायले, की निदान माझ्या आवाजानं झाकलं जावं. तरी आरशात सरांचे ओठ आपले हलतायत.

मग ठरवलं. संध्याकाळी हे होऊ द्यायचं नाही.

हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. सूप, पाव, केक. पोरांचा धुडगूस. सर खिडकीशी बसले होते. कुणीतरी त्यांच्यापुढे केकचे दोन तुकडे ठेवलेले, आणि ते एका तुकड्याचं आयसिंग काढून बाजूला सारत होते. मी शेजारी बसले. 

"सर, आता संध्याकाळी... तुम्ही समोर बसाल का? लोकांत? ऐकायला?"

त्यांनी काटा खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी चुकीची पट्टी दाबल्यावर बघायचे. राग नसायचा त्यात, ते नुसते वाट बघायचे.

"का गं?"

"सूर उतरतोय, सर. पाळकसाहेबांकडे लोक बोलतायत. मलाच सांगायला लागतंय, माझं नशीब."

"कुणाचा उतरतोय?"

मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं हे मला दिसलं. वाटलं, रडतात की काय. पण मान हलवून म्हणाले, "हं. असेल. असेल तसं."

"मला माफ करा, सर."

"तू कशाला?" मग म्हणाले, "नुसता उभा राहिलो तर? तोंड उघडणार नाही. माझ्या खांबापाशी."

हो म्हणायचा मोह झाला. पण माणूस उभा राहिला की गातोच. आणि सबंध क्वायर गाताना हे एकटे तोंड मिटून उभे, हे कसं दिसेल? मी म्हटलं, "लोक विचारतील, सर."

"शेवटच्या आमेनला तरी? तेवढ्याला कोण काय म्हणणार."

"नको, सर."

"बरं," म्हणाले. केकचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. "हा खा. तुला आयसिंग आवडतं."

मी तो खाल्ला. आता आठवून माझी मलाच लाज वाटते, पण खाल्ला.

संध्याकाळी ते समोरही बसले नाहीत. घरी गेले. बासच्या रांगेत खांबापाशी एक माणूस मावेल एवढी फट राहिली होती, कुणी सरकून भरली नाही. आणि सूर? सूर तरीही उतरला. बाहेरून आलेल्या लोकांना आम्ही क्वायरमध्ये घेतो ना त्या दिवशी, त्यांतलाच कुणीतरी असणार. सरावाशिवाय गातात, दुसरं काय होणार.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

सर मुलाकडे जायचं म्हणतात. कायमचे. ढोलनं सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी लगेच त्यांच्या खोलीवर गेले. भांडी पाटीत भरून शेजाऱ्यांना देत होते. मी म्हटलं, "सर, रविवार सोडून कुठे जाता?" म्हणाले, "आता रविवारी मला काय काम?" अगदी साधेपणानं बोलले, म्हणून जास्त लागलं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

बसवर सोडायला सगळा क्वायर आला होता. ढोल हुंदके देऊन रडला, एवढा मोठा माणूस. सर खिडकीत बसले आणि मला जवळ बोलावलं. डोक्यावर हात ठेवला. "कान दाखवून घे एकदा," म्हणाले. "डाव्या बाजूनं हाक मारली की तू वळत नाहीस." जाता जातासुद्धा माझीच काळजी.

रविवार, २२ ऑक्टोबर

आज माझा संयम सुटला. बाहेरगावचे गेले, सर गेले, तरी सूर खालीच. सगळे निघाल्यावर मी ढोलला धरलं. म्हटलं, "मग तूच तो. आणि तुझ्यामुळे मी सरांना बाहेर काढलं!"

ढोलचं तोंड लाल झालं. "बाई, सर दीड वर्षात गायलेलेच नाहीत. घशाचं काय ते झालं होतं ना त्यांना, तेव्हापासून गाण्याला आवाजच निघत नव्हता. मी शेजारी उभा राहायचो, मला माहीत नाही? नुसते ओठ हलवायचे. म्हणायचे, कुणाला सांगू नकोस, मला फक्त तुमच्यात उभं राहायचंय."

मी बाकावर बसले. "मग कोण आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग "मला उशीर होतोय" म्हणून निघून गेला. या चर्चमध्ये एकजात सगळ्यांना पाय काढता घ्यायची सवय लागलीय.

सर गात नव्हते. माझ्या हातून काय झालं हे!

रविवार, ५ नोव्हेंबर

दोन दिवस ताप होता. आज घशातून हवासुद्धा धड निघत नव्हती. हे म्हणाले जाऊ नको, पण ऑर्गन दुसरं कोण वाजवणार? गेले, बसले, पहिली पट्टी दाबली.

क्वायर सुरात होता. पहिल्या ओळीपासून. दुसऱ्या कडव्यातही. पाळकसाहेबांनी चमकून वर पाहिलं. शेवटचं आमेन वर गेलं ते काचेसारखं स्वच्छ, त्यात कुठेही काही ओढत नव्हतं, आणि मी सवयीनं आरशात पाहिलं, आज कोण आलं नाही ते शोधायला. सगळे होते. ढोल होता, आल्टो होत्या, खांबाजवळची रिकामी जागा होती. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा होता. तोंड मिटलेलं.

मी तशीच बसून राहिले. पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन टाकला तरी बाहेर जातानाचं संगीत सुरू करायचं मला सुचलं नाही. लोक शांतपणे उठून गेले.

हात चोळणं. आल्टोंचं बघणं. ह्यांचा कांदा. "गळ्याला विश्रांती दे." सगळ्यांना माहीत होतं. सगळे मूग गिळून बसले आणि एकट्या सरांनी ते स्वतःवर घेतलं. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही, तुम्ही गाता का म्हणून. वर त्यांच्या वाटणीचा केक खाल्ला.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

कान तपासले. डावा बराच गेलाय. डॉक्टरीण म्हणाली, इतके दिवस कळलं कसं नाही तुम्हाला? मला ते फिकट वर्तमानपत्रवाले गृहस्थ आठवले.

संध्याकाळी सरांना फोन केला. उजव्या कानाला.

"सर, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"माझा सूर उतरतो ते."

"आवाज तुटतोय गं इथे," म्हणाले. आवाज तुटत नव्हता. मागे त्यांची सून भांडी लावत होती ते मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. गळ्याला विश्रांती दे म्हटलं."

"असं सांगतात का, सर?"

"मग कसं सांगतात? तू मला सांगितलंस तसं?"

टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होते. मी रडायला लागले. ते थांबले, माझं आटपेपर्यंत.

"परत या, सर."

"खोली सोडली ना. आणि इथे पोरगा खूश आहे." चर्चला जाता का विचारलं. म्हणाले, "लांब आहे. जिना उतरायला गुडघे नाही म्हणतात. रविवारी सकाळी शर्ट तेवढा घालतो."

कोणता शर्ट ते मला माहीत होतं.

रविवार, १२ नोव्हेंबर

उपासनेआधी क्वायरसमोर उभी राहिले. म्हटलं, यापुढे मी गाणार नाही, नुसती वाजवीन, आणि कुणी काही बोलायची गरज नाही.  ढोलनं खांबाजवळची जागा हातानं पुसली, उगीचच.

मग सरांना फोन लावला आणि चालू फोन ऑर्गनवर आरशाखाली ठेवला. त्यांच्या मुलानं तिकडे मोठ्या आवाजावर करून दिला होता. सगळी उपासना त्यांनी तशी ऐकली. क्वायर गायला ते त्यांच्यासाठीच. पुरुषांनी कुठे बसकण मारली नाही. मी रेटलं नाही तर ते पडतील, हा माझाच समज होता इतकी वर्षं.

सगळं संपल्यावर फोन उचलला.

"ऐकू आलं, सर?"

"आलं. सगळं आलं. ढोल अजून घाईच करतो." मग म्हणाले, "छान झालं. पण तू कुठे होतीस? तुझा आवाज नाही आला."

"मी ओठ हलवत होते, सर."

 चर्च रिकामं झालं होतं, कुणीतरी मागची दारं लावत होतं. मला वाटलं, फोन ठेवला की काय.

"शेवटच्या आमेनला तरी गात जा, पोरी," ते म्हणाले. "तेवढ्याला कोण काय म्हणणार."